मारबतीसोबत शिवेपार गेलेला शेला

मित्रांनो, गडाच्या पायथ्याशी आमची टोली, म्हणजे छोटी वस्ती आहे. फाट्यावरून टोलीकडे येताना शिवेवर बोरीचं एक झुडूप लागतं. त्याच्या काट्यांत काळपट चिंध्यांची एक घडी अडकलेली दिसते. येणारा-जाणारा तिच्याकडे बघतो आणि पाय उचलून पुढे निघतो. ती घडी म्हणजे मी. मी जुना कोशाचा शेला आहे, नवरदेवाच्या खांद्यावर मिरवलेला, हे मोठ्यांना सांगून पटायचं नाही. तुम्ही लहान आहात, तुम्हाला पटेल. म्हणून सांगतो.

माझा जन्म उकळत्या पाण्यातला. ऐनाच्या झाडांवर किडे आपापला कोश विणून आत निजले होते. जाग आली की पाखरू व्हायचं, एवढंच त्यांच्या मनात. माणसांनी ते कोश पोत्यात भरून आणले आणि हंड्यात सोडले. पाखरू बाहेर पडलं तर धागा तुटतो, म्हणून त्याला बाहेर पडूच द्यायचं नसतं. आंधळगावच्या एका म्हातारीने आपल्या मांडीवर वळून वळून माझा धागा काढला. तिची मांडी सोलवटून निघाली होती. तिच्या लेकाने मला मागावर विणलं आणि दोन्ही बाजूंना करवतीच्या दातांसारखा लाल काठ घातला. मी सावलीत मातीच्या रंगाचा दिसे आणि उन्हात मधाच्या. लोक हात फिरवत आणि म्हणत, "काय मऊ हाय बाप्पा!" त्या मऊपणासाठी किती जीव शिजले, हे कोणी विचारत नसे.

टोलीतल्या घनश्यामच्या लग्नात मी त्याच्या खांद्यावर आलो. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरता. त्यामुळे मी सारखा घसरायचो आणि तो मला सारखा वर ओढायचा. नवरी रुखमा अंतरपाटाआडून हसली होती. पुढे थंडीच्या दिवसांत त्यांना मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणताना घनश्यामने तिला माझ्यातच गुंडाळलं. तिचं नाव रेणू. तिच्या टाळूचा तो दुधट, आंबूस वास माझ्या धाग्यांत असा मुरला की नंतर कितीदा धुतलं तरी गेला नाही. माणसांची तोंडं माझ्या ध्यानात राहत नाहीत, मित्रांनो. पण ही दोन माणसं मी अंगाने ओळखतो: एक तो उतरता खांदा आणि एक ती टाळू.

रेणू पाच वर्षांची असताना घनश्याम बोअरवेलच्या गाडीवर कामाला गेला. ती गाडी म्हणजे चाकांवरचं भटकणं. आज या राज्यात, उद्या त्या राज्यात. जिथे पाणी नाही तिथे जायचं आणि पाणी लागलं की तिथून निघायचं. दोन वर्षं त्याचे फोन आले. मग एक दिवस फोन लागेना. मग तो नंबरच दुसऱ्या कोणाचा तरी झाला, आणि तो माणूस कुठली तरी परकी भाषा बोलायचा. रुखमा तरी रोज एकदा लावून बघायची. शेवटी त्या माणसानेही उचलणं सोडलं.

एकट्या बाईचं घर कसं चालतं, ते मी पेटीत पडल्या-पडल्या ऐकत होतो. रुखमाने तुमसरच्या बाजारातून पुरुषाच्या चपलांचा एक जोड आणला आणि दाराशी मांडला. पावसाळ्यात त्यांना मुद्दाम चिखल लावून ठेवायची. दारात कोणी अनोळखी आला की मोठ्या आवाजात म्हणायची, "हायत ना घरी. वावरात गेले, येतच असतीन." शेजारच्या चंद्रकांताबाईंनी तिला हे शिकवलं होतं. "बाईमाणसानं खरं सांगतलं का घर उघडं पडते, रुखमा," त्या म्हणायच्या. रेणूलाही ते वाक्य पाठ झालं होतं.

रेणू सातवीत गेली. त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला रत्नमाला मॅडमनी एक नाटक बसवलं. फार जुन्या काळची, ग्रीक देशातली गोष्ट. एक राजा लढाईला जातो आणि घरी परतताना दहा वर्षं समुद्रावर भटकत राहतो. अखेर तो आपल्या किनाऱ्याला लागतो, तेव्हा एक देवी त्याच्यापुढे येते. तीसुद्धा वेष पालटून. ती म्हणते, राजा, असा सरळ घरी जाऊ नको. आणि ती त्याला म्हातारा भिकारी करून टाकते, म्हणजे आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला लपून बघता येईल. रेणूला देवीचं काम मिळालं. राजा झाला बंटी, चंद्रकांताबाईंचा नातू.

भिकाऱ्याचं पांघरूण पाहिजे होतं. रेणूने घरात सगळीकडे शोधलं आणि शेवटी पेटी उघडून मला बाहेर काढलं.

"माय, हे घेऊ?"

रुखमा चुलीपुढे होती. तिने वळून पाहिलं.

"फाडा लागन ना त्याले?" तिने विचारलं.

"हो. जरासं."

"जरासं कायले? चांगलं फाड." ती परत चुलीकडे वळली. "आता कोण पांघरणार हाय ते?"

रेणूने कात्री चालवली. काजळी फासली, उकळलेल्या चहात बुडवलं, अंगणातल्या मातीत लोळवलं. मला दुखलं का? दुखलं. पण जिने फाडलं तिची टाळू मी ओळखत होतो, म्हणून सोसलं. करवती काठाचा वीतभर तुकडा तेवढा एका कोपऱ्याला तसाच राहिला.

नाटक फार छान झालं. देवीने काठी लावली, बंटीच्या अंगावर मी पडलो, आणि सारा मंडप हसला. बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी बंटी मला पांघरून, राखेची दाढी लावून टोलीभर हिंडला. संध्याकाळी तो रेणूला सांगत होता, "अवं, माह्या आजीनंच मले हाकललं! 'चाल पुढं, काई नाई इथं' म्हने. मी म्हनलो, आजी, मी बंटी हावो, तं म्हनते कशी, 'माह्या नातवाचं नाव कायले घेते रे मेल्या?' तोंडाकडं तं पाहयलंच नाई बुडीनं!"

दोघंही पोट धरून हसली. मीही त्या वेळी फुशारलो. मला वाटलं, माझ्यात देवीची जादू उतरली आहे.

त्यानंतर मला गाईच्या गोठ्यातल्या खुंटीवर टांगलं, आणि मी तिथेच राहिलो. कोळी जाळी विणायचे, कोंबडी येऊन बसायची. रेणू मात्र रोज गाईला वैरण टाकताना नाटकातलं आपलं बोलणं म्हणायची. तिला ते सोडवत नव्हतं. गाय हाच तिचा राजा.

आणि मग पोळा आला. सगळी टोली बैल घेऊन तोरणाखाली जमली होती. घराघराला कुलूप. तेव्हा गोठ्यात एक माणूस शिरला. दाढी वाढलेली, हातात एक पिशवी, आणि कानापासून हनुवटीपर्यंत डाव्या बाजूची कातडी वितळून गोळा झालेली. तो भाताच्या तणसाच्या ढिगाला टेकून बसला आणि गाईशी बोलू लागला.

"काहून वं बुढे, ओळखलं का नाई?"

गाय रवंथ करत राहिली.

"नाई ओळखत. मीच आरशात पाहून राहिलो तं मले ओळखू येत नाई." मग तो तुटक तुटक सांगत गेला. गाडीवरचा हवेचा पाइप फुटला होता. गरम वाफ तोंडावर आली. फोन, पाकीट, सारं त्यातच गेलं. वर्षभर दवाखाना. मग अंग बरं झालं, पण तोंड असं झालं. आज जातो, उद्या जातो करत चार वर्षं गेली. "माय-लेकी पाहून भेल्या तं? आन तिनं दुसरं घर केलं असन तं? केलं असन तं तिचं काय चुकलं?"

मित्रांनो, आवाज चिरका झाला होता, वासही औषधाचा येत होता. मी खुंटीवर, तो खाली. मला काहीच कळत नव्हतं. परका कोणीतरी आपलं दुःख गाईला सांगतोय, एवढंच वाटलं.

दिवे लागायच्या वेळी रेणू वैरण घेऊन आली. तो घाईने तणसामागे लपला. रेणूने पेंढी टाकली, ओढणी डोक्यावर मुकुटासारखी बांधली आणि गाईपुढे हात उंच केला:

"हे राजा, घाई करू नकोस! मी तुला भिकाऱ्याचं रूप देते. तुझ्याच दारात तुला कोणी ओळखणार नाही. मग विचार, आणि ऐक. जे कानावर येईल, तेच खरं!"

मग ती गाईच्या कपाळावर टिचकी मारून हसत निघून गेली.

तणसामागच्या माणसाने, मला हे नंतर उमगलं, पाच वर्षांनी लेकीचा आवाज ऐकला होता, आणि ती तर जणू त्यालाच सांगून गेली होती. देवीने सांगावं तसं. तो रात्रभर तिथेच बसून राहिला. उजाडताना उठला आणि त्याने खुंटीवरून मला ओढून अंगावर घेतलं.

मी त्याच्या डाव्या खांद्यावरून घसरलो.

त्याने मला वर ओढलं. मी परत घसरलो. त्याने परत ओढलं. तेव्हा मी ओळखलं. मित्रांनो, सगळ्या जगात मीच एकटा होतो ज्याने त्याला ओळखलं, आणि मला तोंड नव्हतं. त्याने तर मलाही ओळखलं नाही. फाटकं पोतेरं समजून त्याने मला डोक्यावरून घेतलं.

रुखमा अंगणात सडा टाकत होती. त्याची नजर आधी दाराशी गेली. तिथे चपलांचा जोड होता, ओल्या चिखलाने भरलेला. त्या आपल्या नाहीत हे बघून तो दोन पावलं मागे सरला.

"माय, पानी देजो."

रुखमाने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि तांब्या आणला. वरून धार धरली. तो ओंजळीने प्यायला. तिने एकदा जरी त्या ओंजळीवरच्या तोंडाकडे बघितलं असतं! पण तिची नजर मला लागलेल्या काजळीवर होती.

"माय, घरचा मानूस कुठं हाय?" त्याने विचारलं.

अरे, हाच प्रश्न विचारायचा नव्हता. एकट्या बाईच्या दारात, परक्या पुरुषाने, एवढ्या सकाळी! धार थांबली.

"हायत ना. वावरात गेले, धानाच्या बांधीतलं पानी पाहाले. येतच असतीन."

"रोज घरीच राह्यतात?"

"घरी नाई तं कुठं राह्यतीन? तुले काय करा लागते?" रुखमाने आवाज चढवला, शेजारी ऐकू जावा म्हणून. "अजी चंद्रकांताबाई, उठल्या का जी?"

"लेकरू हाय?"

"पोरगी हाय. तिचे बाबा लय जीव लावतात तिले. आता जाय इथून, नाई तं हाक मारतो त्याइले."

तांब्यातलं पाणी माझ्यावर सांडलं. ती घाबरून खोटं बोलत होती आणि त्याला ते खरं वाटत होतं. त्याने मान खाली घातली. मग तिचं लक्ष नीट माझ्याकडे गेलं.

"आमच्या गोठ्यातलं उचललं वाट्टे हे?" तिने विचारलं. "राहू दे. घेऊन जाय. आमच्या कोनाच्या कामाचं नाई ते."

त्याची बोटं मला चाचपत कोपऱ्याशी आली आणि करवती काठावर थांबली. एकेका दातावरून फिरली. तेव्हा त्याला कळलं, आपण काय पांघरलं आहे ते.

मी मनात ओरडत होतो: नाव सांग! एकदा नाव सांग! त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला.

पोळ्याचा दुसरा दिवस. त्या सकाळी टोलीत मारबत, म्हणजे गावची इडापिडा, हाकलतात. दारात खोचलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, घरातलं सारं दुखणं-खुपणं त्यांच्यासोबत शिवेबाहेर टाकायचं, आणि गावात नवी हवा घ्यायची. पोरांची झुंड ओरडत येत होती:

"माशा-मुरकुटं, खासी-खोकला, घेऊन जाय वं मारबत!"

पुढे बंटी होता. मला बघताच तो उडालाच. "अबे, माह्यं सोंग! माह्यं सोंग चोरलं ह्यानं! पाहा रे, खरीच मारबत आली!"

"मारबत! मारबत!" पोरं किंचाळली. चंद्रकांताबाई ओट्यावर येऊन म्हणाल्या, "हाकला रे त्याले शिवेपार! सकाळी सकाळी बाईले धमकावते मेला." दोन-चार मोठी माणसं हसली. कोणी ढेकूळ भिरकावलं, ते त्याच्या कानाखाली, त्या वितळलेल्या कातडीवर लागलं. रुखमाला हायसं वाटलं असावं. तिने दार लावून घेतलं.

आणि दाराशेजारची पळसाची फांदी उपटून रेणू धावत आली. सगळ्यांच्या पुढे. ती तर देवी होती!

तो पळाला नाही, मित्रांनो. तो चालत राहिला, आणि मधूनमधून मान वळवून बघत राहिला. पोरांना वाटलं, म्हातारा रागाने बघतोय. तो रेणूची उंची बघत होता. रेणूने हसत हसत फांदी उगारली आणि त्याच्या पाठीवर हाणली. एकदा, दोनदा, मग मोजणं सुटलं. "घेऊन जाय वं मारबत! घेऊन जाय!" ज्या टाळूचा वास माझ्यात होता, तिचाच हात. मी जेवढ्या चिंध्या होतो तेवढ्या पसरल्या आणि तो मार झेलला. त्याच्या कातडीपर्यंत थोडाच पोचू दिला. एवढंच मला करता आलं.

शिवेवर तो थांबला. पोरंही थांबली. त्याने मला अंगावरून काढलं, झटकलं, काठाला काठ लावून माझी चौपदरी घडी घातली, आणि जपून या बोरीवर ठेवली. बंटी खिदळला, "पाह्य बे, घडी घालून राहिला!" पण रेणूला हसू आलं नाही.

तो तिच्याकडे बघून म्हणाला, "बाई, तू देवीचं काम लय बेस करते."

आणि तो फाट्याकडे निघून गेला.

पोरांनी फांद्या टाकल्या आणि ती घराकडे पळाली. रेणू तिथेच उभी राहिली. ह्याला कसं ठाऊक? गॅदरिंगला तर हा नव्हता. ती विचारच करत होती, तोवर फाट्यावरून श्रावण मोटारसायकलवर आला. त्याची तिथे चहाची टपरी आहे. घनश्याम आणि तो एका पाटीवर शिकलेले.

"काहून वं रेनू, तुहे बाबा लगेच वापस गेले?" त्याने गाडी न थांबवताच विचारलं, मग पाय टेकला. "पोळ्याले आला आन दुसऱ्या दिशी गेला! मी हाका मारून राहिलो, तं थांबला नाई. तोंडावर रुमाल बांधला होता, पन मी त्याची चाल कशी विसरीन? डावा खांदा पाडून चालते तो. तुमसरच्या गाडीत चढला."

रेणूच्या हातात अजून ती फांदी होती. तिने फांदीकडे पाहिलं.

तिने टाकली नाही. ती हातातून गळून पडली.

मग जे झालं ते सांगवत नाही. रुखमा अनवाणी धावत आली. श्रावणने तिला मागे बसवून गाडी हाणली. तुमसरचा बस स्टँड झाला, रेल्वे स्टेशन झालं. दुपार कलल्यावर ती दोघंच परत आली, तेव्हा रेणू माझ्याजवळ मातीत बसून होती. तिला मला घरी न्यायचं होतं. चंद्रकांताबाई रडत होत्या, तरी त्यांनी तिचा हात धरला. "नोको वं बाई. मारबतीसंग गेलेलं घरात आनत नाईत."

रुखमा माझ्याजवळ आली. करवती काठाचा तो कोपरा तिने तोंडाला लावला, बराच वेळ. मग हळूच मला सांगितलं, "तू इथंच राह्य. तो आला तं याच वाटेनं येईन. त्याले सांगजो."

तेव्हापासून मी इथे आहे. थंडी येऊन गेली, आता ऊन तापू लागलं आहे. माझे धागे पाखरं खोप्याला नेतात. रेणू शाळेतून येताना दोन मिनिटं थांबते. रत्नमाला मॅडमनी यंदाही तिला नाटकात घ्यायचं म्हटलं, ती नाही म्हणाली. आणि रुखमा आता दारात आलेल्या प्रत्येकाला खरं सांगते. भिकारी असो, भंगारवाला असो, ती दाराबाहेर येते, त्याचं तोंड उजेडाकडे वळवायला लावते आणि म्हणते, "घरी कोनी नाई जी. मानूस नाई माह्या घरी." चंद्रकांताबाई रागावतात. दोनदा घरात चोरी झाली. ती ऐकत नाही.

मित्रांनो, देवीची जादू माझ्यात कधीच नव्हती. फाटकं अंगावर असलं की माणसं तोंड बघत नाहीत, तेवढंच ते सोंग होतं. तुमच्या दारात कोणी आला तर त्याला पाणी द्या, पण आधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा.

आणि माझं एक काम करा. तुमच्या गावात बोअरवेलची गाडी आली, आणि तिच्यावर अर्धं तोंड भाजलेला, डावा खांदा उतरता असलेला कोणी दिसला, तर लाजू नका. जवळ जा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. त्याला सांगा, त्या सकाळी वावरात कोणीच नव्हतं.